धागा: आजोबांच्या पथकापासून लेकीच्या बुलबुलपर्यंत – बेळगाव भागातलं स्काउटिंग आणि हौशी नाटक

मार्कंडेयकाठ:

नमस्कार मंडळी.

आमच्या घरात दोन गोष्टी जोडीनं चालत आल्या आहेत, स्काउटचा स्कार्फ आणि हौशी नाटक. आजोबा स्काउटमास्तर होते. बाबा आधी संघनायक, म्हणजे पथकातल्या एका छोट्या गटाचे म्होरके, पुढं कायमचे विंगेत. आत्या गाईड, म्हणजे मुलींच्या पथकात. मी रोव्हरपर्यंत, म्हणजे तरुणांच्या स्काउट गटापर्यंत पोचलो. आता माझी लेक बुलबुल, म्हणजे छोट्या मुलींच्या गटात आहे आणि घरात परत एकदा 'मला काम कुठलं?' हा प्रश्न ऐकू येऊ लागलाय. म्हणून हा धागा काढतोय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या ज्यांच्या घरात असं काही होतं किंवा आहे, त्यांनी लिहावं. शेवटी एक विनंतीही आहे.

आजोबांनी पथक सुरू केलं तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं. 7 नोव्हेंबर 1950 ला देशातल्या वेगवेगळ्या स्काउट संघटना एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाईड्स झाली होती, त्याचा उत्साह अजून ताजा होता. आजोबा आम्हाला सांगायचे की आपल्याकडं स्काउटिंग 1909 साली बंगळूरला आलं खरं, पण आपल्या मुलांना त्यात जागा नव्हती. ती जागा ॲनी बेझंटबाईंनी आणि मदनमोहन मालवीयांनी स्वतःच्या संघटना काढून करून दिली. ही गोष्ट ते दर वर्षी नव्या मुलांना प्रवेशाच्या दिवशी सांगत. 1956 ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, 1973 ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. फॉर्म बदलले, शिबिराची ठिकाणं बदलली. पथक मात्र त्याच मैदानावर, त्याच पिंपळाखाली उभं राहत होतं.

आता नाटकाचं. आमच्या गल्लीत गणपतीत नाटक बसायचं, जत्रेत बसायचं, आणि शिवजयंतीच्या चित्ररथावर सजीव देखावा असायचाच. बेळगावचा चित्ररथ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर किल्ला, दरबार, तंबू उभा करतात आणि त्यावर गल्लीतली पोरं प्रसंग करतात. प्रत्येक चौकात थांबून तोच प्रसंग पुन्हा. संध्याकाळी निघालेली मिरवणूक दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चालते. एवढ्या वेळा एकच संवाद तेवढ्याच जोरात म्हणायचा, आणि तेही चालत्या ट्रॉलीवर तोल सांभाळत. यापेक्षा चांगली तालीम कुठली शाळा देईल असं मला वाटत नाही.

आजोबांचं खरं काम शेकोटीचं होतं. शिबिरात दुपारी ते प्रत्येक संघाला एक पिशवी देत. आत काहीही असायचं. एक तांब्या, एक काठी, जुनी छत्री, कधी नुसता नारळ. 'शेकोटी पेटेपर्यंत यातून एक नाटुकलं करा,' एवढंच सांगायचे. संवाद लिहून द्यायचे नाहीत. कुणी विचारायला गेलं तर म्हणायचे, 'तुमच्या संघात आठ डोकी आहेत की रे, माझं एक कशाला मागतोस?' नियम दोनच. पिशवीतली प्रत्येक वस्तू वापरली पाहिजे, आणि कुणाच्या जातीवर, बोलण्यावर, व्यंगावर हसू आणायचं नाही. दुसरा नियम मोडणाऱ्या संघाचं नाटुकलं ते मध्येच थांबवत, पाहुणे बसलेले असले तरी.

बाबांनी हीच पिशवी पुढं चालवली. मीही चालवली. आमच्या घरात नाटकांच्या वह्या खूप आहेत, त्यातली बरीचशी वाळवीनं खाल्ली. त्याचं मला फार वाईट वाटत नाही. पिशवी राहिली ना, ते महत्त्वाचं.

आता विनंती. अलीकडं शाळांच्या स्नेहसंमेलनात आणि शिबिरातसुद्धा मुलं तयार गाण्यावर नाचतात. नाच बसवायला बाहेरून माणूस येतो, कपडे भाड्यानं येतात, आणि मुलांनी स्वतः जुळवलेलं असं त्यात काही उरत नाही. मला ते मनापासून खटकतं. म्हणून आम्ही काही जुने रोव्हर आणि गाईड मिळून एक संध्याकाळ घ्यायची म्हणतोय. मुलांनी केलेली नाटुकली, पिशवीतून काढलेली, बांबूच्या मंचावर. तारीख 6 नोव्हेंबर. 5 नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन, 7 नोव्हेंबर स्काउट-गाईडचा स्थापना दिन. मधली संध्याकाळ आमच्या घरात पूर्वीपासून सणासारखी असते. कल्पना, अडचणी, आठवणी सगळं चालेल.

खानापूरची लेक:

किती छान लिहिलंत! आत्यांचा उल्लेख एका ओळीत संपवलात मात्र, म्हणून मी माझ्या आईचं सांगते. ती पण गाईड होती.

आमच्या भागात गावच्या नाटकात बायकांची कामं पुरुषच करायचे. माझे मोठे मामा शालू नेसून अशी काही एन्ट्री घेत की बायका त्यांच्या निऱ्या बघायला पुढं सरकत. आईला नाटकाचं अतोनात वेड, पण मुलीनं मंचावर जायचं नाही म्हणजे नाही. आजोबा कडक. तालमीच्या खोलीबाहेर बसून तिनं सगळी भाषणं पाठ केली होती. कुणी अडलं तर खिडकीतून प्रॉम्प्टिंग करायची.

गाईडच्या शिबिराला मात्र आजोबांनी पाठवलं, कारण बाई सोबत होत्या आणि शिबिर म्हणजे शिस्त असं त्यांच्या डोक्यात होतं. तिथं पहिल्या रात्री शेकोटीला आई उभी राहिली आणि तिनं राजाचं काम केलं. गाईडच्या शिबिरात सगळ्या मुलीच, म्हणजे राजा पण मुलगी, शिपाई पण मुलगी, चोर पण मुलगी. आई सांगते, आयुष्यात पहिल्यांदा तिला मोठ्यानं ओरडून बोलायला मिळालं आणि कुणी 'हळू बोल' म्हटलं नाही. परत आल्यावर बाईंनी घरी येऊन आजोबांना सांगितलं की तुमच्या मुलीचा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत पोचतो. पुढच्या जत्रेत नाही, पण त्याच्यापुढच्या जत्रेत आई गावच्या मंचावर उभी होती, आणि मामांनी आपला शालू तिला नेसवला.

आता व्यवहाराचं. 6 नोव्हेंबर आमच्याकडं अजिबात जमणार नाही. खानापूर तालुक्यात तेव्हा भाताची सुगी असते. पोरं सुद्धा कापणीला, मळणीला असतात. मोठी माणसं तर दिसणारच नाहीत.

निपाणीवाला:

धाग्यात 5 नोव्हेंबर आलाच आहे तर थोडी भर घालतो, कारण आपल्या भागाचा त्यात मोठा वाटा आहे आणि आपल्याच मुलांना तो माहीत नसतो.

1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत सीतास्वयंवर केलं, ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे, म्हणजे पौराणिक कथांचे खेळ करणाऱ्यांचे, खेळ सांगलीकर पटवर्धन संस्थानिकांनी पाहिल्यानंतर. असं काहीतरी आपल्याकडं मराठीत व्हावं ही त्यांची इच्छा. म्हणजे मराठी नाटकाची सुरुवातच दोन भाषांच्या वाटेवर झाली. त्याच वर्षी आपल्या बेळगाव जिल्ह्यात, गुर्लहोसूरला अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले. 1880 ला त्यांचं संगीत शाकुंतल पुण्यात रंगभूमीवर आलं आणि संगीत नाटकाचं युग सुरू झालं. आणि 2015 ला अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन बेळगावात भरलं, अध्यक्ष गायिका-अभिनेत्री फैय्याज. त्या संमेलनाला आम्ही निपाणीहून गाडी करून गेलो होतो.

मुलांना पिशवी देताना एकदा ही गोष्टही सांगा. गुर्लहोसूर काही लांब नाही, सौंदत्ती तालुक्यात.

कंग्राळीचा रोव्हर:

मार्कंडेयकाठ काका, मी सध्या रोव्हर आहे. कॉलेजचं वर्ष सुरू आहे, खरं संध्याकाळी वेळ काढू शकतो. मंच बांबूचा म्हणताय, तो लोखंडी पाइपचा भाड्यानं मिळतो. तासाभरात उभा होतो. बांबू कशाला?

विंगेतला:

याचं उत्तर मी देतो, कारण मी मार्कंडेयकाठच्या बाबांच्या हाताखाली शिकलोय.

बाळा, भाड्याचा मंच उभा राहतो तेव्हा मुलं बाजूला उभी राहून बघतात. बांबूचा उभा करताना प्रत्येकाला काम असतं. दोन बांबू काटकोनात बांधायचे तर स्क्वेअर लॅशिंग. उभ्या बांबूला क्लोव्ह हिच मारून सुरुवात, मग सारखे वेढे, मग दोन बांबूंच्या मधून आडवे आवळ वेढे, शेवट परत क्लोव्ह हिचनं. आवळ वेढे ढिले राहिले तर मंच कुरकुरतो आणि नाटकात राजा बोलताना ती कुरकुर पहिल्या रांगेला ऐकू येते. तिरके टेकू बांधायचे तर डायगोनल लॅशिंग, त्याची सुरुवात टिंबर हिचनं. पडद्याची जाड दोरी आणि ओढायची बारीक दोरी जोडायला शीट बेंड. रीफ नॉट तिथं चालत नाही, कमी-जास्त जाडीच्या दोऱ्यात ती सरकते. मी स्वतः पडदा अर्ध्यात अडकलेला पाहिलाय.

बाबा म्हणायचे, गाठ परीक्षेसाठी शिकलास तर परीक्षेनंतर विसरशील, पडद्यासाठी शिकलास तर मरेपर्यंत लक्षात राहील. त्यांच्या हाताखालची पोरं आज गवंडी आहेत, फौजेत आहेत, एक जण क्रेनवर आहे. सगळ्यांना अजून येतात.

आणखी एक. आमच्या काळात वीज भरवशाची नव्हती, गॅसबत्त्या असायच्या. बत्तीतला दाब उतरला की उजेड पिवळा पडतो. त्यामुळं प्रत्येक बत्तीला एक स्काउट नेमलेला. त्यानं नाटक बघायचं नाही, बत्ती बघायची. प्रवेश बदलताना हळूच खाली घेऊन पंप मारायचा, आणि धक्का लागू द्यायचा नाही, नाहीतर मँटल, म्हणजे बत्तीतली उजेड देणारी जाळी, गळून पडायचं. विंगेत बोलायचं नाही, सगळं हाताच्या खुणांनी. संघनायकाच्या मैदानावरच्या खुणा तशाच विंगेत वापरायचो. मुठीवर मूठ म्हणजे पडदा, उघडा तळवा म्हणजे थांब. बाहेरच्या नाटक मंडळींना आमची विंग बघून नवल वाटायचं, इतकी शांत.

घटप्रभा:

मी माहेरची कन्नड, गोकाकजवळची. सासर बेळगावात, मराठी. आता मराठीत लिहायला येतं, चूकभूल सांभाळून घ्या.

निपाणीवाले म्हणाले ते वाचून आनंद झाला. माझ्या लहानपणी आमच्या गावात श्रीकृष्ण पारिजात हे कन्नड लोकनाट्य रात्रभर चालायचं. सत्यभामा रुसलेली, कृष्ण समजूत काढतोय, आणि सगळं गाव जागं. त्यात काम करणाऱ्या कौजलगी निंगम्मांचं नाव आमच्या घरात देवाच्या नावासारखं घेत. मंच म्हणजे देवळासमोरचा कट्टा. खेळ करणारे शेतकरी, दिवसा नांगर धरणारे. त्यामुळं तुमचं हौशी नाटक मला परकं वाटलं नाही.

आता माझा प्रश्न. माझा मुलगा कब, म्हणजे छोट्या मुलांच्या स्काउट गटात आहे. त्याच्या पथकात घरी मराठी बोलणारी, कन्नड बोलणारी, उर्दू बोलणारी मुलं आहेत. तुमची संध्याकाळ फक्त मराठीत असेल तर त्याचे निम्मे मित्र बाहेर बसतील. मला भांडण करायचं नाही. मला खरंच विचारायचं आहे.

मार्कंडेयकाठ:

ताई, हा प्रश्न तुम्ही विचारलात याचं मला फार बरं वाटलं, आणि तुमचं मराठी उत्तम आहे.

माझं मत मांडतो. मराठी आमच्या घराची भाषा आहे आणि ती मंचावर टिकावी म्हणून मी शेवटपर्यंत धडपडणार. आमच्या भागात मराठी शाळांची पटसंख्या घटताना बघून जीव तुटतो. म्हणूनच मला मराठी नाटुकली हवीत, मुलांच्या तोंडची मराठी, पुस्तकातली नाही. पण पिशवी संघाला मिळते, आणि संघात जी मुलं आहेत ती आहेत. आजोबांच्या काळातसुद्धा एखादं पात्र कन्नडमध्ये बोलायचं, दुसरं मराठीत उत्तर द्यायचं, आणि बेळगावच्या बाजारात रोज हेच चालतं. संघाला जी भाषा जमेल ती. कुणी बाहेर बसायचं नाही. कृष्ण पारिजातातलं एखादं पद तुम्ही शेकोटीला म्हणाल का? मनापासून विचारतोय.

खानापूरच्या ताई, सुगीचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. मी शहरात राहतो म्हणून ते डोळ्यांसमोर नव्हतं. मग 22 फेब्रुवारीच्या आसपासचा शनिवार धरू या का? स्काउटिंग सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांचा जन्मदिवस, स्काउट-गाईड तो चिंतन दिन म्हणून पाळतात. थंडी थोडी असते, शेकोटीला बरी. दहावीच्या मुलांना परीक्षेचा ताण असेल, त्यांनी फक्त बघायला यावं. सुगी झालेली असते, मोकळं शिवार मिळेल.

खानापूरची लेक:

फेब्रुवारी उत्तम. आमचंच शेत देते, जांबोटी रस्त्याला. बसायला भाताचं पिंजर भरपूर आहे.

विंगेतला:

पिंजर बसायला ठीक, खरं शेकोटीच्या जवळ अजिबात नको. वाऱ्याची दिशा बघून वरच्या अंगाला बसवा, मध्ये जमीन साफ करून ओली करा. वाळूच्या दोन बादल्या, पाण्याच्या दोन. हे मी सांगायला नको, खरं सांगतोच.

निपाणीवाला:

कार्यक्रमाला तिकीट ठेवायचं का? विचारतोय ते अशासाठी की या सगळ्याचं मूळ पैसे उभे करण्यातच आहे. 1932 साली लंडनच्या स्काला थिएटरात राल्फ रीडर या स्काउटरनं मुलांना घेऊन पहिला गँग शो, म्हणजे गाणी आणि नाटुकल्यांचा कार्यक्रम, केला, तो शिबिराच्या जागी पोहण्याचा तलाव बांधायला पैसे हवे होते म्हणून. पुढं जगभर स्काउटांचे असे शो सुरू झाले. बेडन-पॉवेलना स्वतःला शाळेपासून नाटकाची आवड, तेव्हा त्यांना हे पटणारच होतं. आपल्याकडं 'खरी कमाई' आहेच. मुलांनी काम करून मिळवायचं.

मार्कंडेयकाठ:

आजोबांच्या पथकाचे तंबू नाटकाच्या पैशातूनच आले होते, बाबा सांगायचे. पण आपल्या संध्याकाळी तिकीट नको. मुलांना पहिल्याच वेळी गल्ला मोजायला लावायचा नाही. हवं तर चहा आणि भडंग मुलांनीच विकावं, ती खरी कमाई पथकाला.

शेकोटीच्या क्रमाबद्दल एक सांगून ठेवतो, कारण सूत्रसंचालन कुणीही करो, हे पाळलं नाही तर मजा जाते. आग मोठी असते तेव्हा मोठ्या आवाजाचं सगळं घ्यायचं. आरोळ्या, टाळ्यांचे प्रकार, धावपळीची नाटुकली. आग खाली बसू लागली की आवाज खाली. मग गोष्ट, मग एखादं पद, मग प्रार्थना. आजोबा लाकूड कधी टाकायचं आणि कधी नाही हे स्वतः ठरवत. ते म्हणत, लाकूड हाच तुमचा पडदा. बाबांनी नाटकातसुद्धा प्रवेशांचा क्रम याच हिशोबानं लावला. विनोदी फार्स शेवटी ठेवायला ते तयार नसत. त्यावरून मंडळातल्या ज्येष्ठांशी त्यांचे वाद झाले, तरी ते हटले नाहीत. आणि मला अजूनही वाटतं की त्यांचंच बरोबर होतं. लोक हसत घरी जातात ते चांगलंच, पण गप्प होऊन गेलेला प्रेक्षक पुढच्या वर्षी परत येतो.

घटप्रभा:

पद म्हणेन. माझ्या आईलाही आणते, तिला जास्त येतात. सासूबाई म्हणतात त्या पण येणार, त्यांना रंगभूषेचं काम द्या. तरुणपणी त्या गल्लीच्या नाटकात सगळ्यांच्या दाढी-मिशा चिकटवायच्या. दाढी-मिशांचं क्रेप, म्हणजे खोटे केस, कसं विंचरायचं ते त्यांच्या हाताला अजून आठवतं.

कंग्राळीचा रोव्हर:

काका, पटलं. पाइप नको. आमच्या रोव्हर क्रूमधली पाच-सहा जणं येतील, खरं आम्हाला डायगोनल लॅशिंग नीट येत नाही. आधी एक रविवार शिकवाल का?

आणि एक विचारायचं होतं. पिशवीत मोबाइल टाकला तर चालेल का? मुलं रोज तोच हातात घेऊन बसतात, त्यातून काय करतात ते बघायचंय.

मार्कंडेयकाठ:

टाक की! बंद पडलेला टाक. पुढचं संघानं ठरवावं.

पिशव्यांसाठी घरातल्या जुन्या वस्तू आणा सगळ्यांनी. घंगाळं, सुपली, कुलूप बिन किल्लीचं, एका पायातली चप्पल, चष्म्याची काडी. महागाचं काही नको आणि धार असलेलं काही नको. माझी लेक आतापासून माळा उपसते आहे. तिला काय काय सापडलं ते ती कुणाला सांगत नाही.

विंगेतला:

रविवारी सकाळी या, सात वाजता, उन्हाच्या आधी. प्रत्येकानं दोरी आणायची, काथ्याची, बोटाच्या जाडीची. नायलॉन नको, गाठ सुटते. बांबूचं मी बघतो. खानापूरच्या ताई, तुमच्या शेताच्या बांधाला बांबूचं बेट आहे ना? आता तोडून सावलीत ठेवले तर फेब्रुवारीपर्यंत वाळतील. हिरवे बांबू बांधले की पुढं आकसतात आणि वेढे ढिले पडतात.

खानापूरची लेक:

आहे बेट. भावाला सांगते, या आठवड्यात तोडून गोठ्याच्या पडवीत रचून ठेवतो. लांबी किती हवी तेवढं कळवा.